घरी कळणार नाही हं

मनालीचा आवाज सगळ्या कात्रप भागाला पाठ होता. साड्यांचा सेल असो की दातांचा नवा दवाखाना, रिक्षा भोंगा लावून फिरायची आणि भोंग्यात हिचंच रेकॉर्डिंग वाजायचं. "नक्की या हं!" तो 'हं' कागदावर कधीच नसायचा, पण हिच्या तोंडून निघाल्याशिवाय राहायचा नाही.

मग ते ॲप आलं, लग्न झालेल्यांना चोरून दुसरं कुणीतरी शोधून देणारं. त्याच्यासाठी तिने दोन वाक्यं रेकॉर्ड केली. जाहिरातीतलं हसत म्हटलं, "लग्न झालंय? मग काय झालं!" दुसरं मात्र ॲपमध्ये नाव नोंदवणाऱ्यालाच ऐकू येणार होतं. ते हळू म्हटलं, "घाबरू नका, घरी कळणार नाही हं."

जाहिरात ऐकून शेजारची शीला भडकली. "लाज नाही वाटत तुला?"

"मी फक्त वाचते गं! जाणारे काय माझ्या सांगण्याने जातात?" मनाली उसळली.

पण तेव्हापासून तो आवाज तिच्या मागेच लागला. मेडिकलमध्ये, जिन्यात, कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलमधून ती स्वतःच हसायची.

रविवारी सकाळी ती पोहे परतत होती. नवरा, धर्मेश, बाथरूममध्ये होता. आतून तिचाच आवाज आला, हळू, समजूत घातल्यासारखा. "घाबरू नका, घरी कळणार नाही हं."

तिने गॅस बंद केला. तो तोंड पुसत बाहेर आला.

"कोण बोलत होतं आत?"

"कुणी नाही गं. असलीच कसलीतरी जाहिरात."

जाहिरातीत ते वाक्य नव्हतंच. आणि चौदा वर्षं रोज घरात ऐकलेला तो 'हं' त्याला ओळखूसुद्धा आला नव्हता.