तुकडी वाचवायला निघालेले सर

चिंतामण सर राहायला बडनेऱ्याला, नोकरीला अकोल्याच्या कॉलेजात, विषय इतिहास. जून लागला की इतिहास खुंटीला अडकवून ते गावोगाव पोरं गोळा करत फिरत. सगळेच मास्तर फिरत. वर्ग भरला नाही तर तुकडी जाते आणि मास्तर ‘अतिरिक्त’ ठरून कुठल्या कुठे फेकला जातो. यंदा एकच नाव कमी होतं आणि उद्या प्रवेश बंद. म्हणून सर पातूरला, महादेवरावांच्या ओसरीवर घाम पुसत बसले होते.

घाम येण्याचं कारण म्हणजे महादेवरावांची नुकतीच बारावी पास झालेली लेक, अपेक्षा. तिनं कूलरची मोटर खोलून फरशीवर पसरली होती.

“सर, हिले समजवा,” महादेवराव म्हणाले. “आयटीआयले जातो, वायरमन होतो म्हनते. पोरगी बीए असली की सोयरीक बरी येते.”

सरांनी ठेवणीतलं भाषण काढलं. राजे आले, लढाया आल्या, आपल्या काळ्या मातीतला कापूस थेट विलायतेला पोचला. चहा घेऊन आलेल्या अपेक्षाच्या आई, लीलाबाई, दाराशीच थांबल्या.

अपेक्षानं दातात धरलेला स्क्रूड्रायव्हर काढला. “सर, मले इतिहासात झोप येते. तुमच्या वर्गात येऊन मी करू काय?”

‘नाव घाल आणि झोप’ हे सरांच्या अगदी ओठावर आलं होतं. मागच्या वर्षी अशीच पोरं भरली होती. गणपतीनंतर एकही दिसलं नाही. सर म्हणाले, “खरं सांगू? तू आयटीआयलाच जा.”

“घ्या! तुमी कोनाच्या पार्टीचे हा, सर?” महादेवराव ओरडले.

“सर,” दारातून लीलाबाई म्हणाल्या, “कापूस विलायतेले काहून गेला, ते शिकवता का वर्गात?”

“शिकवतो की.”

“मी बारावी पास हाये, लग्नाच्या आधीची. वयाची अट असते काय?”

“नसते,” सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच नीट वळून बसले.

“आई, चहा सांडून राहिला,” अपेक्षा हसत म्हणाली.

“आता तुही कोनती सोयरीक करायची हाये वं?” महादेवरावांचा आवाज चढला. “अन् माह्या डब्याचं काय?”

“तुमीच करा. मले सकाळची बस हाये.”

महादेवरावांनी बायकोकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि शेवटी ते सरांच्या कानाशी वाकले. “सर, पहिलेच सांगून ठेवतो. हे बाई लय प्रश्न विचारते.”

सरांच्या वर्गात कित्येक वर्षांत कुणी प्रश्न विचारला नव्हता. तुकडी वाचली होती; तरी परतीच्या बसमध्ये सर डोळे मिटून, ओठ हलवत, कापसाचं प्रकरण आठवत बसले.