चिठ्ठ्यांची भिंत

देवराव मेश्रामांनी डावा बूट काढला, उलटा करून झटकला आणि त्यातून पडलेल्या खड्याकडे बघत तसेच बसून राहिले. आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या संगमरवरी पायरीवर बसलो आहोत याचं त्यांना काहीही वाटत नव्हतं. गुडघे मात्र ठणकत होते. समोर इफेससच्या ग्रंथालयाचे दोन मजली खांब उन्हात उभे होते आणि खांबांपुढे नागपूरहून तुर्कस्तान बघायला आलेली बावीस माणसं आळीपाळीनं एकमेकांचे फोटो काढत होती.

"सर, उठा न," ऋषिकेश म्हणाला. प्रताप नगरचा हा पोरगा सहलीचा मॅनेजर होता आणि सकाळपासून हातातला नारिंगी झेंडा उंच धरून सगळ्यांना हाकत होता. "थिएटर राहिलं अजून. मग जेवण."

"या रोमन लोकांले सपाट जागा आवडतच नव्हती का गा?"

"ते तरुण असतील सर."

देवराव बूट चढवून उठले. जरीपटक्याच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलांना इतिहास शिकवला होता; रोम तर तोंडपाठ. पण पुस्तकातल्या रोमला चढ नव्हता. गाईड बाई सांगत होती की एके काळी समुद्र इथवर यायचा, जहाजं याच रस्त्याच्या टोकाला लागायची. मग नदीनं गाळ आणून टाकला आणि समुद्र मागे सरकला. ऋषिकेश तिचं इंग्रजी मराठीत सांगत होता आणि निम्मं गाळत होता.

त्यांची बायको सिंधूताई बाजूला सावलीत उभी होती. तिनं पर्समधून मोबाइल काढला, बघितला, परत ठेवला.

"आलं काही?"

"नाही."

एवढंच. सकाळपासून हे सात-आठ वेळा झालं होतं. मायाचा, त्यांच्या मुलीचा, रिपोर्ट आज संध्याकाळी मिळायचा होता. छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. देवरावांनी सहल रद्द करायचं म्हटलं तेव्हा मायाच चिडली होती. "इथं बसून काय करान बाबा? रिपोर्ट तुमच्या तोंडावर छापून येणार आहे का? जा. आई कधी समुद्रापार गेली नाही." म्हणून ते आले होते. आल्यापासून दोघंही नीट झोपली नव्हती आणि दोघंही एकमेकांना तसं दाखवत नव्हती.

जेवण झालं. बस डोंगर चढू लागली तेव्हा निम्मी माणसं पेंगत होती. खाली दूर समुद्राची निळी पट्टी दिसत होती. ऋषिकेशनं माइक हातात घेतला.

"आता आपण येशूच्या आईचं घर पाहायला जाऊन राहिलो. म्हातारपणी मरियम इथं राहिली, असं लोक मानतात. घराच्या खाली एक भिंत आहे. लोक तिथं चिठ्ठी लिहून बांधतात. मनातलं मागतात. ज्यांना बांधायची त्यांनी हे नॅपकिन घ्या."

पेंगणारे जागे झाले. गांधीबागेत ज्यांचं कापडाचं दुकान, त्या भैय्याजींनी कागदी नॅपकिन बोटांत चोळून बघितला आणि माल हलका आहे असं जाहीर करून दोन घेतले. हसाहशी झाली. मग दोन-चार माना देवरावांकडे वळल्या. मेश्राम सर आता बोलणार, हे चार दिवसांत सगळ्यांना कळलं होतं. पहिल्याच दिवशी नजर लागू नये म्हणून काहींनी विकत घेतलेल्या निळ्या मण्यांवरून त्यांनी नाश्त्याच्या टेबलावर पाऊण तास घेतला होता.

सर बोलले नाहीत. नॅपकिनची चळत पुढे आली तशी त्यांनी मागे दिली आणि खिडकीकडे तोंड केलं.

त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव उचलून कन्हान नदीत सोडले, आणि वर्षभरात मुलगा झाला तर आजीनं हट्टानं त्याचं नाव देवराव ठेवलं. नावाची ती कसर मुलानं पुढे आयुष्यभर भरून काढली. कुठल्या घरात ताईत दिसला, कोणी नवस बोललं, की सर समजवायला त्या घरी चहाला हजर. स्वतःच्या घरालाही सूट नव्हती. माया सहा वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला. अकराव्या दिवशीही ताप उतरेना, तेव्हा सिंधूनं शेजारणीनं आणून दिलेला काळा धागा तिच्या मनगटाला बांधला. देवराव शाळेतून आले. त्यांनी कात्री आणली आणि शेजारच्या चार बायकांसमोर तो कापला. पोर डॉक्टरच्या औषधानं बरी झाली. सर बरोबर होते. सिंधू दोन दिवस बोलली नाही. मग बोलू लागली. पुढे तर विहारात रविवारी बायकांना तीच समजावून सांगायची की नवस का करायचे नाहीत, आणि सरांपेक्षा छान सांगायची.

बस थांबली. ऋषिकेशच्या मोबाइलवरून जोडलेलं इंटरनेट चालू झालं आणि पर्समध्ये आवाज झाला. जावयाचा, मोहितचा, मेसेज होता. सिंधूताईनं वाचला आणि मोबाइल देवरावांपुढे धरला. रिपोर्ट उद्यावर गेला होता. डॉक्टरांना पुन्हा एकदा तपासून बघायचं होतं.

"पुन्हा काहून पाहून राहिले?" ती म्हणाली.

"पाहतात. नीट पाहिलेलं चांगलंच न."

त्यांनाच ते खरं वाटलं नाही.

घर म्हणजे दगडी भिंतींची एक अंधारी खोली होती. मेणबत्त्यांचा वास घेऊन सगळे पाच मिनिटांत बाहेर आले आणि पायऱ्या उतरून भिंतीपाशी गेले. हजारो चिठ्ठ्या, चिंध्या, रुमालांचे तुकडे; दगड कुठे दिसतच नव्हता. भैय्याजी टाचा उंचावून सगळ्यांच्या वर जागा शोधत होते. सिंधूताई तिकडे एकदा बघून सरळ पुढे निघाली.

"सिंधू, थांब वं."

ती थांबली. देवराव पाण्याच्या बाटल्यांची पिशवी सांभाळत जवळ आले. शर्टाच्या खिशातून त्यांनी चार घड्या घातलेला नॅपकिन काढला. दुपारच्या जेवणातला असावा.

"घे. कोरा आहे. काय लिहायचं ते लिही. मी तिकडं नळावर जातो. मी पाहिलंच नाही, असं समज."

सिंधूताईनं नॅपकिनला हात लावला नाही.

"तुमाले वाटते मले बांधायचं आहे?"

"त्या वेळी बांधायचं होतं न तुले."

"त्या वेळी होतं." तिनं पदरानं मान पुसली. "आता नाही होत हो माझ्यानं. बसमध्ये करून पाहिलं. डोळे मिटले, हात जोडले. कोणाले सांगू तेच समजेना. तिथं कोणीच नाही. रागानं नाही म्हणून राहिली मी. तुमचं पटलं म्हणूनच असं झालं."

सिंधूला हे पटवलं, ही आयुष्यात कमावलेली एक गोष्ट; तिचा देवरावांना अभिमान होता. आणि आज बायकोच्या हातात धरायला काही उरलं नाही ते त्याच गोष्टीमुळे, म्हणजे आपल्यामुळे, हे कळून त्यांना भयंकर एकटं वाटलं. वर बसजवळ ऋषिकेशनं शिट्टी वाजवली. माणसं पायऱ्या चढू लागली.

सिंधूताईनं नॅपकिन त्यांच्या हातातून घेतला आणि उघडला. तो कोरा नव्हता. मधोमध निळ्या शाईत, सर फळ्यावर लिहायचे तशा ठळक अक्षरात, एकच नाव होतं, मायाचं. शाई कागदात फुटली होती, तरी वाचता येत होतं.

तिनं घड्या पहिल्यासारख्या घातल्या आणि नॅपकिन त्यांच्या मुठीत ठेवला. मग त्यांच्या दुसऱ्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली आणि पायऱ्यांकडे वळली.

"दोन मिनिटं थांब गा," तिनं वर ऋषिकेशला हाक दिली, "सर येऊन राहिले."