चौघांचा पास

बक्कलाचा दात वाकडा होता. पितळी, जुन्या लष्करी पट्ट्याचं, सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेलं... चारांतलं हे एकच दगाबाज निघालं, आणि लहानू सकाळपासून पक्कड घेऊन त्याला सरळ करत होता, म्हणजे खरं तर छळत होता. दात सरळ व्हायचा आणि पट्टा ओवला की पुन्हा मान टाकायचा. मोडून टाकावं साल्याला. हातोडीखाली धरून चपटं करावं. एवढ्याशा पितळेवर एवढा राग येतो कसा, हा प्रश्न त्याला पडला नाही. राग आधी येत असे आणि प्रश्न मागाहून, कधी कधी थेट दवाखान्याच्या बाकावर.

खाटेवर चार पिशव्या ओळीने पडल्या होत्या. जाड खाकी कापडाच्या, पाठीवर घ्यायच्या, वर्कशॉपातून आल्यावर रोज तासभर शिलाईच्या मशीनवर बसून त्याने स्वतः शिवलेल्या. सगळ्यांत मोठी त्याची, मग वच्छलाची, मग अकरा वर्षांच्या तारेची. सात वर्षांच्या नागसेनची तर उशीच्या खोळीएवढीच. दिवाळीच्या सुटीत चौघं लुंबिनीला निघणार होते. रेल्वेत फिटर असल्याने पास मिळणार होता, तो नौतनव्यापर्यंत चालणार. तिथे रूळ संपले की सरहद्द ओलांडून नेपाळात, आणि पुढे बुद्ध जन्मला त्या जागेपर्यंत पायी, आपापलं ओझं आपापल्या पाठीवर. शेजारचे महादेवराव हसले होते – "नेपाळ म्हंजे काय फॉरेन हाय का गा? तिथं तं पासपोर्टबी लागत नाही." फॉरेनच. दुसरा राजा, दुसरं नाणं. या गल्लीतून कोण गेलंय आजवर, पोराबाळांना घेऊन, दुसऱ्या राजाच्या मुलखात?

आणि पायीच. त्यात तडजोड नव्हती. छप्पन साली मी दहा वर्षांचा होतो, खाप्याहून नागपूरपर्यंत बापाच्या मागे चालत आलो, डोक्यावर भाकरींचं गाठोडं. जिकडे बघावं तिकडे पांढरे कपडे, अख्खा रस्ता पांढरा झाला होता, आणि म्हातारी माणसं पोरांसारखी हसत चालत होती... ही गोष्ट त्याने मुलांना शंभरदा सांगितली होती. असा एक रस्ता आपल्या पोरांच्याही पायाखालून जावा, एवढंच त्याला हवं होतं. एवढं एकच.

म्हणून तर सराव. दर रविवारी पिशव्यांत विटा भरून चालायचं. आणि तीन रविवारांमागे रामटेकचा गड. देवळाशी त्याला कर्तव्य नव्हतं, चढाशी होतं. त्याच्या पिशवीत चार विटा, वच्छलाच्या तीन, तारेच्या दोन, नागसेनच्या एक. अर्ध्या पायऱ्यांवर त्याने नागसेनची पिशवी चाचपली तर रिकामी.

"वीट कुठं हाय?"

पोराने बहिणीकडे पाहिलं. तारा म्हणाली, "मी काढली."

काढली! म्हणजे फसवणूक, त्याच्या पाठीमागे, त्याच्याच पोरांनी... आणि हात गेला. हात बसला त्या क्षणी बरं वाटलं होतं; हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पण वाटलं होतं, जाम झालेला नट एकदाचा सुटावा तसं. तारा दोन पायऱ्या घसरली. पिशवीचं तोंड उघडलं आणि विटा बाहेर आल्या. एक, दोन, तीन. भावाची वीट तिने स्वतःच्या पाठीवर घेतली होती. डॉक्टर म्हणाले, कानाचा पडदा फाटलाय, भरून येईल बहुतेक. वच्छला म्हणाली, पायरीवरून पडली. किती सराईतपणे म्हणाली!

बक्कल कसंबसं बसलं. "तारे, इकडे ये. पट्टा पाहू दे."

तारा दाराशी पाठमोरी तांदूळ निवडत होती. हलली नाही. त्याने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने, आणि मग त्याच्या लक्षात आलं की तिचा डावा, फाटलेला कान त्याच्याकडे आहे. तो उठला, पिशवी घेऊन तिच्याजवळ गेला, पट्टा खांद्यावर टाकायला हात उचलला.

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सूप उलटलं आणि तांदूळ घरभर झाले.

"मारलं का मी?" त्याचा आवाज चढला. "सांग ना, मारलं का आत्ता? मारलं का?"

आणि याच क्षणी तिला मारावंसं वाटलं, ती भ्याली म्हणून, फक्त तेवढ्यासाठी, जे केलं नव्हतं त्याची शिक्षा तिच्या डोळ्यांत आधीच दिसत होती म्हणून. हात तापला. पण घरात काहीतरी हलत होतं. वच्छलाने चुलीवरचं आधण उतरवून मागे, भिंतीला लागून ठेवलं. नागसेन खाटेखाली गेला. तारा उठली, तांदळांवरून पाय टाकत खिडकीशी गेली, आधी एक फळी लावली, मग दुसरी, आणि कडी घातली. म्हणजे शेजारी आवाज जाऊ नये. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. कोणी कोणाच्या वाटेत आलं नव्हतं. ज्याचं काम त्याने केलं होतं.

घरात अंधारलं. लहानू पिशवी धरून उभा राहिला. चार रविवार ओरडून त्याला या तिघांना एका ओळीत चालवता आलं नव्हतं. हा सराव कधीचा? किती वर्षांचा?

...पाटणसावंगीच्या पुढे मी बसलो होतो, बाभळीखाली, पाय सोलले होते म्हणून. बापाने मागे वळून तोंडावर हाणली. नाकाचं रक्त पांढऱ्या सदऱ्यावर आलं. विहिरीवर धुतलं तरी गेलं नाही. लाखोंच्या गर्दीत, प्राण्याची हिंसा करणार नाही असं म्हणताना माझे हात जोडलेले नव्हते, मी डाग झाकून धरला होता. शेजारी बाप तेच शब्द म्हणत होता आणि रडत होता, खरोखर रडत होता. आणि तरी त्या दिवसाइतका चांगला दिवस मला पुन्हा मिळाला नाही. हेही खरंच, हीच तर आफत... शंभरदा सांगितलेल्या गोष्टीत डाग एकदाही आला नव्हता.

"अजी," वच्छला म्हणाली. तिचा हात अजून आधणाच्या झाकणावर होता. "पासाचा फारम आनला ना तुमी? त्याच्यात आमची तिघायचीच नावं लिवा."

"काहून वं?"

"आमी जातो. पायी जातो, वझंबी उचलतो. पोरायले जायचंच हाय. पन तुमच्या संगं नाही."

पास माझा. पिशव्या मी शिवल्या. हा रस्ताच माझा! शिलाईचं मशीन उचलून भिंतीवर घालावं, हिचे केस मुठीत धरून हिला तिथवर फरफटत न्यावं, बघ म्हणावं, ही लुंबिनी, बघ... हे सगळं त्याला इतकं स्पष्ट दिसलं की झालंच असं वाटून त्याने भिंतीकडे पाहिलं. भिंत कोरी होती. मशीन जागेवर होतं.

तो खाटेवर बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

"तारे, खिडकी उघड," तो म्हणाला. या वेळी तिचा उजवा कान त्याच्याकडे होता, तिने ऐकलं. पण कडीला हात लावायच्या आधी तिने आईकडे पाहिलं, आणि आईने अजून मान हलवली नव्हती.

मलाही न्या, असं त्याला म्हणायचं होतं. दहा वर्षांच्या पोराने म्हणावं तसं. खाटेखाली नागसेनचा श्वास ऐकू येत होता. राग गेला नव्हता, मांड्यांखालच्या हातांत तो गरम, जिवंत होता. पुन्हा कधी उठेल, कशावरून उठेल, हे घरातल्या चौघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. खिडकीशी उभ्या पोरीसारखाच लहानू आता त्याची चाहूल घेत होता, आणि तिच्याइतकाच भ्यालेला होता.