कार्यालयातल्या टेपरेकॉर्डरची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पण आयुष्यात गाणं असं एकही वाजवलेलं नाही. माझ्या वाट्याला आली ती माणसांची बोलणी, आणि तीही साधीसुधी नाहीत. कॉलेजच्या शिस्तपालन समितीपुढे जे जे बोललं गेलं, ते मी वीस वर्षं ऐकलं आणि जसंच्या तसं जपलं.

एका कारखान्यात माझे स्क्रू आवळले गेले, बटणं बसवली गेली, आणि पाचसहाशे भावंडांबरोबर मी खोक्यात बंद झालो. त्या वेळी कॉलेजात एक नवाच ताप होऊन बसला होता. सुनावणी संपली की मुलगा म्हणायचा, "मी असं बोललोच नव्हतो," आणि सर म्हणायचे, "बोललास, मी कानांनी ऐकलंय." खरं-खोटं कोण ठरवणार? म्हणून मला आणलं.

मला सांभाळायच्या त्या कार्यालयातल्या लेखनिक बाई. अंगाने किरकोळ, पण कामाला वाघ. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्या कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून माझं डोकं पुसायच्या. हो, आवाज टिपणाऱ्या भागाला आमच्यात डोकंच म्हणतात. मग लाल बटण दाबून त्या तारीख सांगायच्या, हजर असलेल्यांची नावं सांगायच्या आणि आरोप वाचून दाखवायच्या. त्यानंतर तक्रार करणाऱ्याचं म्हणणं, मग पुरावा, मग विद्यार्थ्याचं म्हणणं. शेवटी सगळे बाहेर जायचे आणि समिती निर्णय लिहायची. निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत प्राचार्यांकडे अपील करता यायचं. तोवर कॅसेट कुलपात.

सगळेच निर्दोष नसायचे बरं का! वसतिगृहाची काच फोडलेला एक दांडगट मुलगा शिक्षा ऐकून बाहेर पडताना बाईंना म्हणाला होता, "शिक्षा लागली बाई, पण माझं ऐकून तरी घेतलं." त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

आता एका मुलीची गोष्ट सांगतो. ती रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. वडील शिंपी. प्रयोगाच्या परीक्षेत तिचे आणि शेजारच्या मुलीचे आकडे तंतोतंत जुळले. हिने नक्कल केली, अशी तक्रार झाली. शेजारच्या मुलीने घाबरून 'माझे आकडे माझेच आहेत' एवढंच लिहून दिलं आणि ती मोकळी झाली.

सुनावणीला मुलगी उभी राहिली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की मलाही कान टवकारावे लागले. ती म्हणाली, "सर, एक तराजू बिघडला होता. प्रयोगशाळेच्या काकांनी आम्हाला दोघींत मिळून एकच प्रयोग करायला सांगितलं. तुम्ही काकांना विचारा ना."

समितीचे अध्यक्ष गणिताचे सर होते. माणूस सज्जन, पण त्या दिवशी त्यांना पुढच्या बैठकीची घाई होती. "त्याची गरज नाही," ते म्हणाले.

इतिवृत्तात शब्द उतरले: 'विद्यार्थिनीने समाधानकारक खुलासा केला नाही.' एक वर्ष परीक्षेला बंदी. काकांचं नावही कुठे नाही.

दोन आठवड्यांनी वरिष्ठ कारकून बाईंना म्हणाले, "नव्या कॅसेट आल्या नाहीत. त्या मुलीचीच पुसून आजच्या बैठकीला वापरा की."

"अपिलाची मुदत संपलेली नाही," बाई म्हणाल्या.

"कोण करतंय अपील? शिंपी?"

"करेल नाही तर न करेल. पुसायची नाही म्हणजे नाही." त्यांनी किल्ली पदराला बांधली आणि त्या दिवशीची बैठक हाताने लिहून काढली.

शिंपी आला. मुदतीच्या अठ्ठाविसाव्या दिवशी, इस्त्रीचा सदरा घालून, लेकीला घेऊन. प्राचार्यांसमोर हात जोडून म्हणाला, "पोरगी खोटी असेल तर खुशाल शिक्षा करा. पण ती काय बोलली, ते तरी एकदा ऐका."

प्राचार्यांनी गणिताच्या सरांना बोलावलं आणि मला टेबलावर ठेवलं. बाईंनी बटण दाबलं. माझ्या पोटात चाकं फिरू लागली. फीत अडकली तर? आवाज घोगरा आला तर? पण नाही. त्या मुलीचा शब्द न् शब्द स्वच्छ उमटला आणि त्यामागून आला तो सरांचा खणखणीत आवाज: "त्याची गरज नाही."

सरांनी चष्मा काढला. "आवाज माझाच आहे," ते म्हणाले. "चूकही माझीच. सुनावणी पुन्हा घ्या, पण अध्यक्ष दुसरा नेमा."

दुसऱ्या सुनावणीला प्रयोगशाळेचे काका दुरुस्तीची वही काखेत मारून आले. तराजू त्याच सकाळी बंद पडल्याची नोंद होती. "मीच सांगितलं पोरींना," ते म्हणाले. "मला आधी कुणी विचारलंच नाही हो." बंदी उठली. मुलगी परीक्षेला बसली आणि पास झाली. निकालाच्या दिवशी ती कार्यालयात आली, बाईंच्या पाया पडली आणि जाता जाता माझ्यावरूनही हात फिरवून गेली.

आता मी कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. बाई निवृत्त झाल्या. माझ्या जागी बोटाएवढं नवं यंत्र आलं आहे. मला त्याचा हेवा वाटत नाही. माझं काम मी चोख केलं. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, मित्रांनो: त्या पोराला वेळेवर चार्ज करा, धूळ बसू देऊ नका, आणि टेबलावर ठेवताना त्याचं तोंड उभ्या असलेल्या विद्यार्थ्याकडे करा. साहेबांचा आवाज तसाही सगळ्यांना ऐकू जातो.