कुलूप नसलेला चाकू

मी एक घडीचा चाकू बोलत आहे. माझे संपूर्ण नाव एकपाती, शिंगमुठी, पाठपट्टीचा घडीचा चाकू. वय एकोणचाळीस वर्षे पूर्ण. लोक मला नुसते 'चाकू' म्हणतात. त्यास माझी हरकत नाही. परंतु जेथे ओळख करून द्यावयाची, तेथे ती पुरती द्यावी. माणसे मला भितात अशी समजूत आहे. गेल्या हिवाळ्यात मात्र दीड महिना मीच भ्यालेला होतो, आणि ती हकीकत सांगण्यासाठीच हे निवेदन आहे.

माझा जन्म कात्र्या-चाकू घडवणाऱ्या एका कारागिराच्या हातून झाला. त्याने मला कानाशी धरून पन्नास वेळा उघडले, मिटले. पाते पुरते उघडले की पाठीची पोलादी पट्टी खाचेत बसे आणि आवाज होई : टक्. मग तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "याला कुलूप नाही. पातं उघडं राहतं ते या पट्टीच्या जोरावर. कापा, सोला, तासा. पण टोक रोवून जोर लावाल, तर हा तुमच्याच बोटांवर मिटेल."

"म्हणजे भरवशाचा आहे की नाही?"

"पट्टी धड आहे तोवर माणसापेक्षा भरवशाचा."

ते गिऱ्हाईक म्हणजे माझे मालक. जुन्या पुस्तकांची बांधणी हा त्यांचा व्यवसाय. तेव्हापासून मी त्यांच्या उजव्या खिशात राहिलो. दोरा तोडणे, पुठ्ठ्याची कड तासणे, जोडलेली पाने सुटी करणे ही माझी नेमाची कामे. अक्षरओळख मला कोणी करून दिली नाही. पानांमधून फिरता फिरता ती मी स्वतःच मिळवली, आणि शुद्धलेखनात मला सहसा कोणी पकडू शकत नाही.

मला जवळ बाळगण्यातले सुख मालकांना विचारावे. चालताना ते खिशात हात घालीत आणि माझ्या शिंगाच्या मुठीवरून अंगठा फिरवीत. ती मूठ त्यांच्या अंगठ्याने इतकी झिजली, की दुसऱ्या कोणाच्या हाती मी नीट बसतही नसे. शेजारी थट्टा करीत, "काय हो, कुठे दरोडा घालायला निघालात?" आणि तेच शेजारी घटकाभराने पार्सल घेऊन येत, "जरा तुमचं ते हत्यार द्या बघू." मालकीणबाई मला सवत म्हणत. "लग्नात मला एवढं जपून आणलं नव्हतं," असे त्या म्हणत, आणि कपडे धुण्यापूर्वी खिशातून मला न विसरता काढून ठेवीत.

माझे दुर्दैव खिडकी रंगवण्याच्या निमित्ताने आले. मालकीणबाईंचे धाकटे बंधू मदतीस राहावयास आले होते. मनुष्य कामसू, हसरा, परंतु उतावीळ. मालक आंघोळीस गेले असता रंगाच्या डब्याचे झाकण निघेना. मी मेजावर होतो. मेहुण्यांनी मला उघडले, पाते झाकणाखाली सारले आणि उचकटले. झाकण निघाले. त्याच वेळी माझ्या पाठीत काहीतरी मोडले.

तो आवाज त्यांनी ऐकला. त्यांनी मला दोनदा उघडून मिटून पाहिले. पाते दाराच्या ढिल्या कडीसारखे हलत होते. त्यांनी दाराकडे पाहिले, मला सदऱ्याला पुसले, मिटले आणि होतो तेथे ठेवून दिले. आता माझी स्थिती दोघांनाच ठाऊक होती. एकाला बोलता येत नव्हते आणि दुसरा बोलत नव्हता.

मालकांच्या हे कसे लक्षात आले नाही, असे वाचक विचारतील. वयामुळे बोटांची जाण बोथट झाली होती, आणि कान तर गेल्या दोन वर्षांत बरेच मंदावले होते. पण ते त्यांना मान्य नव्हते. ऐकू आले नाही की ते गंभीरपणे मान हलवून "बरोबर आहे" म्हणत. बोळाच्या टोकाच्या दूधवाल्याने एकदा "तीन दिवस दूध नको ना?" असे विचारले, त्यालाही तेच उत्तर मिळाले आणि त्याने तीन दिवस दूधच आणले नव्हते.

त्या दीड महिन्यातले माझे दिवस कोणाच्या वाट्यास न येवोत. सकाळी खिशात हात आला की मी थिजत असे. पाते उघडले की समोर अंगठा दिसे. या अंगठ्यानेच ते पानांची चळत सरळ करीत, शिवण चाचपत, कातडे ताणून बसवीत. तो गेला, तर मालक गेले. दोरा कापताना पट्टीचा तुटका तुकडा आत सरके, आणि पुढच्या क्षणी आपण मिटणार अशी मला खात्री वाटे. दोरा तुटे. मी उघडाच राही. सुटकेचा श्वास सोडावा, तोच ते दुसरा दोरा पुढे ओढीत.

मेहुणेही भ्यालेले होते, हे मला चहाच्या वेळी कळले.

"भावोजी, हल्ली कुलपाचे चाकू मिळतात. पातं आपोआप मिटत नाही. एक आणू का तुम्हाला?"

"काय आणू?"

"चाकू! नवा!"

"अरे, एकोणचाळीस वर्षांचा सोबती बदलू? मग तुझी ताईही बदलतो."

"बदला की," मालकीणबाई म्हणाल्या, "बघू कोण येतंय ते!"

सगळे हसले. मग मालकांनी मला बाहेर काढले, मेहुण्यांच्या कानाशी नेले आणि उघडले. कसलाही आवाज झाला नाही. मालकांचा चेहरा मात्र उजळला. "ऐकलंस? टक्! पहिल्या दिवसासारखा."

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. बोलण्यासाठी याहून सोपी वेळ येणार नव्हती.

"हो भावोजी," ते म्हणाले. "अगदी तस्साच."

नंतर त्यांनी चहा तसाच टाकला.

पुढच्या आठवड्यात वाचनालयाचा एक जाडजूड ग्रंथ बांधणीस आला. पुठ्ठ्याला शिवणीची भोके पाडीत असता टोच्याची मूठ निखळली. तीनच भोके उरली होती. मालकांनी इकडेतिकडे पाहिले आणि खिशात हात घातला. आयुष्यात कधी केले नाही, ते त्यांनी त्या दुपारी केले. माझे टोक पुठ्ठ्यात रोवले आणि खांद्याचा भार दिला.

पहिले भोक पडले. माझे पाते थरथरले. मालकांची चार बोटे माझ्या मुठीभोवती, पात्याच्या वाटेतच होती.

खिडकीशी उभे असलेले मेहुणे ओरडले, "भावोजी, थांबा!"

मालकांनी मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले आणि दुसऱ्या भोकासाठी वाकले.

मेहुणे दोन ढांगांत मेजाशी आले आणि त्यांनी आपला पंजा मालकांच्या मुठीवर घट्ट आवळला. त्याच क्षणी मी मिटलो. मला थांबता आले नाही. मालकांच्या बोटांवर आता मेहुण्यांची बोटे होती, आणि मी त्यांत रुतलो.

पुठ्ठा लाल झाला. मालक संतापले. "वेड लागलंय का तुला? चालत्या हत्याराला हात घालतोस?"

मालकीणबाई धावत आल्या. फडके बांधता बांधता त्यांनी मला उचलले, पाते हलवून पाहिले आणि भावाकडे पाहिले.

"पट्टी तुटलीय," मेहुणे खाली मान घालून पुटपुटले. "मीच तोडली, ताई. रंगाचा डबा उघडताना."

"आणि परवा 'तस्साच' म्हणालास?"

मालक दोघांच्या ओठांकडे पाहत होते. मग त्यांनी सवयीने मान हलवली. "बरोबर आहे."

"काही बरोबर नाहीये!" मालकीणबाई कडाडल्या, आणि भावाला म्हणाल्या, "त्यांना ऐकू गेलेलं नाही. मोठ्यानं सांग."

मेहुण्यांनी पुन्हा सांगितले. मालकांनी कानामागे हात धरला; असे करताना मी त्यांना प्रथमच पाहिले. तिसऱ्या वेळी मेहुणे इतक्या मोठ्याने ओरडले, की शेजारची खिडकी उघडली. "मी तोडली, भावोजी! मला माहीत होतं! तुमची बोटं गेली असती!"

मालकांनी मला कानाशी धरून उघडले. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "आवाज येतच नव्हता?"



वाचकहो, तुमच्या खिशात माझ्यासारखा कोणी असेल, तर आजच त्याचे पाते हलवून पाहा. आणि तुमचे कान थकले असतील, तर दुसऱ्याकडून तपासून घ्या. एवढीच माझी विनंती.

त्यानंतर जे बदलले ते असे. मेहुण्यांच्या दोन बोटांना सात टाके पडले. त्यांतले एक बोट अजून पुरते वळत नाही. मालकांनी मला मेणाच्या दोऱ्याने गुंडाळून सुयांच्या खणात ठेवले आहे. आणि घरात कोणी काही बोलले व ते ऐकू आले नाही, तर मालक आता मान हलवीत नाहीत. "पुन्हा सांग," असे म्हणतात.