पायदान नंबर एक

आमची मनोरमा वस्तू मागत नाही, उचलते. लहानपणापासूनची खोड. माझी वेणीची रिबीन उचलली, माझ्या वाटणीचा खरवस उचलला, आणि आता त्र्याहत्तराव्या वर्षी, माझ्याच घरी जेवायला येऊन, माझ्या कपाटातल्या इरकलीच्या घडीत ठेवलेली माझी वही उचलून घेऊन गेली. जाताना वर मलाच म्हणाली, "आक्का, आमटी जरा आंबट झाली होती गं."

वही गेल्याचं मला दोन आठवड्यांनी कळलं. मी शार्जाला, अल नहदाला, माझ्या सुजीतकडे राहते. मनोरमा तिच्या लेकीकडे, अस्मिताकडे, दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला. अस्मिता मराठी मंडळाच्या कमिटीवर आहे, त्यामुळे तिच्या घरात पाहुण्यांपेक्षा बॅनर जास्त. एका दुपारी माझी नात मुग्धा मोबाइल नाचवत आली.

"आजी, लूक! मनूआजी इज फेमस."

बघते तर फोटोत माझी वही. खाली काही लिहिलेलं. मी अक्षरं जुळवत वाचते, आणि मुग्धाचं मराठी माझ्याहून रडकं. दोघींनी मिळून एकदाचं लावलं. 'एकोणीसशे पासष्ट, गाण्यांचं सोनेरी वर्ष. तेरा वर्षांच्या मनोरमाने दर बुधवारी रेडिओ ऐकून चित्रांमध्ये टिपलेली अनोखी वही. साठ वर्षांनंतर स्वतः मनोरमाताई उलगडून दाखवणार.'

"चित्रं कुणाची गं ही?" मी विचारलं.

"मनूआजीज. इट सेज सो."

लिहिलंय ना, म्हणजे खलास. लिहिलेल्यापुढे माझं कधी काही चाललं नाही.

आता ती वही काय होती ते सांगते. पासष्ट साली आम्ही कल्याणला होतो. वडील गेलेले, आई दम्याने बसून. मला दुसरीतून काढलं होतं. मनोरमा हुशार म्हणून शाळेत. खालच्या मजल्यावर डॉक्टर राहायचे. मी त्यांच्याकडे दोन वेळची भांडी घासायची आणि त्याच्या बदल्यात डॉक्टर मनूला गणित-इंग्रजी शिकवायचे. मी सतरा वर्षांची, ती तेरा.

बुधवारी रात्री आठ वाजता त्यांच्याकडे रेडिओ सिलोन लागायचं. त्या आठवड्यात कोणती गाणी चालली, त्यांचे नंबर सांगायचे. सोळाव्यापासून सुरू करून एकेक करत पहिल्यापर्यंत. सगळी गल्ली चिडीचूप. मनू आत डॉक्टरांच्या खुर्चीत, पाय वर घेऊन. मी भांडी आटपून ओल्या पायांनी यायची, तर डॉक्टरीणबाई दारातच थोपवायच्या, "पायदानावर बस गं, आत ओल होते." बाई इंदूरच्या, पायपुसण्याला पायदान म्हणायच्या. काथ्याचं होतं. मांड्यांना नुसतं टोचायचं.

तर पहिल्याच बुधवारी रेडिओतला माणूस म्हणाला, "पायदान नंबर सोळा." मी दचकलेच. म्हटलं, ह्याला कसं कळलं मी कुठे बसलेय ते? मग पंधरा, चौदा, असं करत शेवटी "पायदान नंबर एक" म्हणाला आणि केवढा बाजा वाजला. मला हिंदी गाण्यातल्या चार शब्दांपुरतंच कळायचं. त्यांच्या भाषेत पायदान म्हणजे पायरी, हे मला लग्न होऊन दोन पोरं झाल्यावर कळलं. तोवर माझी पक्की समजूत की सोळा घरांची सोळा पायपुसणी आहेत, आणि एक नंबरचं पायपुसणं माझं. खुर्चीचा नंबर त्याने कधी पुकारला नाही.

डॉक्टरांना औषधवाल्यांनी दिलेली एक वही बाईंनी मला दिली. लिहिता येत नव्हतं, काढता येत होतं. मनूने टाकलेल्या पेन्सिलींची थोटकं होती. गाण्यात होडी असली की होडी, कंदील असला की कंदील, झोपाळा असला की झोपाळा. जसं ऐकू येई तसं वरून खाली काढत जायचं. म्हणजे सोळावं पानाच्या डोक्यावर आणि पहिलं पार तळाला. पहिल्याच्या शेजारी एक पायपुसणं, झालरीसकट. सप्टेंबरात लढाई झाली, खिडक्यांना काळे कागद लागले, डॉक्टर रेडिओच्या दिव्यावरही फडकं टाकायचे. त्या आठवड्यांच्या पानांचा कोपरा मी काळा केला. आणि पाहुणे असले, भांडी जास्त पडली, गाणी बुडाली, की पालथं पातेलं. झालं. एवढी माझी विद्या. राखेच्या बोटांचे डाग अजून आहेत पानांवर.

ह्या वहीखेरीज मी आयुष्यात काही केलेलं नाही असं कुणी म्हणालं तर मी म्हणेन, हो. पण हे केलंय.

मी अस्मिताला फोन लावला. "अस्मे, ती वही माझी आहे."

"मावशी, प्लीज." तिचा आवाज एकदम हळू झाला. "आईचं हल्ली काय झालंय तुला ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले मेमरी जातेय. परवा लिफ्टमध्ये मजला विसरली. माझं नाव विसरते कधीकधी. ही वही मात्र हातात धरून तास तास बसते. तिला ठाम वाटतं, तिची आहे. वाटू दे ना."

"मग वाटू दे. बॅनर कशाला लावलास?"

"अगं, एक दिवस आनंदात जाईल तिचा. तुझं काय बिघडतंय?"

"माझी वही आहे."

तेव्हा ती जे बोलली ते बोलायला नको होतं. "मावशी, तू वही कशी ठेवशील? तुला लिहिता तरी कुठे येत होतं?"

मी फोन ठेवला. सुजीतला म्हटलं, कार्यक्रमाला जायचं. पुढची खुर्ची पाहिजे.

शुक्रवारी संध्याकाळी निघालो. दुबईच्या हद्दीपाशी गाड्या तुंबलेल्या. सुजीत स्टीअरिंगवर बोटं आपटत म्हणाला, "आई, तिथे काही बोलायचं नाही हं. मनूमावशीला बरं नाहीये."

"मला काय वेड लागलंय बोलायला? ऐकायला चाललेय."

"प्रॉमिस?"

"समोर बघ, तो निसान घुसतोय."

एका शाळेचा हॉल होता. तीनशे माणूस. बायका नऊवारीत, पुरुष फेटे बांधून, पोरं मोबाइलवर. माझ्या बाजूला खैरुद्दीनभाई बसले होते. दापोलीकडचे, इथे देऱ्याला टायरचं दुकान आहे, वय पंच्याहत्तर. सिलोनचे सगळे नंबर त्यांना तोंडपाठ. म्हणाले, "ताई, पासष्ट म्हणजे काय साल होतं! गाण्यात गिटार घुसली तेव्हा. एकेका पिक्चरची तीन तीन गाणी सोळात. तुमच्या बहिणीने लिहून ठेवलं, माशाल्ला, कमाल केली."

"हो," मी म्हटलं. "फार हुशार आहे ती."

मनोरमाला मोतिया रंगाची पैठणी नेसवली होती. शाल, नारळ, टाळ्या. पडद्यावर माझं पहिलं पान आलं, म्हशीएवढं मोठं. राखेचं बोट न् बोट दिसत होतं. हातात माझी वही घेऊन ती माइकशी उभी राहिली. आवाज अजून छान आहे तिचा. शाळेत कविता म्हणायची तो आवाज.

"हा आठवडा जानेवारीचा. पहिल्या नंबरावर कंदिलाचं गाणं," तिने पानाच्या डोक्यावर बोट ठेवलं.

खैरुद्दीनभाई चुळबुळले. "ते तर सोळावं होतं," मला म्हणाले.

"आणि शेवटी हा झोपाळा. बघा, शेजारी मी पायपुसणं काढलंय." मनोरमा हसली. "म्हणजे हे गाणं मला मुळीच आवडलं नसणार. पाय पुसायच्या लायकीचं!"

हॉल हसला. पुढचं पान. तिथे पालथं पातेलं. "हे पातेल्याचं गाणं," ती म्हणाली आणि थांबली. कोणतं ते तिला आठवेना. निवेदक पोरगा मदतीला आला, "काकू, टोपी असेल!" परत हशा. काळा कोपरा आला, तर म्हणाली रात्रीचं गाणं. मी पदराने तोंड दाबून बसले होते. सुजीतला वाटलं मी रडतेय. मी हसत होते.

मग वर्षाचं शेवटचं पान. डिसेंबरचा शेवटचा बुधवार, वर्षभरातलं पहिलं गाणं कोणतं ते सांगायचा दिवस. मनोरमाने वरचं चित्र दाखवलं. "पासष्ट सालचं सर्वोत्तम गाणं, पोपट."

आता खैरुद्दीनभाईंना राहवलं नाही. उठलेच. "माफ करा बहेनजी. पोपटवालं गाणं एकदम शेवटी होतं. पहिलं झोपाळ्याचं. सगळ्या पानांवर उलटं सांगताय तुम्ही."

"ही माझी वही आहे," मनोरमा म्हणाली.

"वही खरीच आहे. पण वाचताय चुकीची."

मागून आणखी दोघेतिघे बोलले. हो हो, झोपाळाच. कुणी मोबाइलवर शोधू लागलं. मनोरमा पान उलटसुलट करायला लागली. माइकमधून कागदाची फडफड ऐकू येत होती. अस्मिता पायऱ्यांपाशी पांढरी पडलेली. आणि मनोरमाची नजर सगळ्या हॉलभर फिरून माझ्यावर आली.

"आक्का," माइकमधूनच म्हणाली, "सांग ना गं ह्यांना."

सुजीतने माझं मनगट धरलं. मी ते सोडवून घेतलं आणि वर गेले. अस्मिताने केवढा निःश्वास टाकला. तिला वाटलं, मावशी आली, सांभाळून घेईल. खालून वर वाचायचं असतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मनोरमाचा दिवस आनंदात गेला असता.

मी माइक घेतला. "मनू, हे पायपुसणं कशासाठी काढलंय?"

"न आवडलेलं गाणं."

"नीट आठव. डॉक्टरांच्या घरी रेडिओ कुठे बसून ऐकायचीस?"

"खुर्चीत," ती लगेच म्हणाली. लहान पोरीसारखी खूश झाली उत्तर आलं म्हणून. "डॉक्टरांच्या खुर्चीत. पाय वर घेऊन."

"आणि दारात पायपुसण्यावर कोण बसायचं?"

ती वहीची पानं चाळू लागली.

मग मी हॉलला सगळं सांगितलं. भांडी, ओले पाय, इंदूरच्या बाई, पायदान. पातेलं पालथं का, कोपरा काळा का. तळाचं गाणं पहिलं का. खैरुद्दीनभाई उभ्या उभ्या मान हलवत होते, "बरोबर, एकदम बरोबर," आणि त्यांनी टाळी वाजवली, पण बाकी कुणी वाजवली नाही. लोक मनोरमाकडे बघत होते. अस्मिता माझ्या कोपराला धरून कुजबुजत होती, "मावशी, बस, प्लीज, बस ना आता." मी म्हटलं, "अस्मे, लिहिता येत नव्हतं मला. बघून घे पडद्यावर."

मनोरमा वहीवर हात फिरवत उभी होती. पायपुसण्याच्या चित्रावर बोट थांबलं. तोंडावर काहीतरी उजळलं, मी शपथेवर सांगते, उजळलं. मला वाटलं, आली. आठवलं हिला. आता म्हणेल.

ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "काथ्या होता ना गं त्याचा? किती टोचायचा मला."

मला.

माइक माझ्या हातातच होता. तीनशे माणसं ऐकत होती, सुजीत खाली डोकं धरून बसला होता. मी तिच्या हातातून वही ओढून घेतली. तिने सोडली नाही पटकन, दोनदा ओढावी लागली.

"टोचणंसुद्धा उचललंस होय गं माझं?" मी म्हटलं. "हे सगळे तुझी कीव करतायत, तू विसरतेस म्हणून. मी नाही करणार. मी दारात बसलेय हे तू तेव्हाही विसरायचीस, मनू, आणि तेव्हा तुला कसला आजार नव्हता. जा आता. खाली जा, आणि खुर्चीत बस."