पत्र्याखालची लोकर

सहा वर्षांच्या स्वप्नालीला धाप लागली की अंजनाला स्वतःचा श्वास घ्यायचंही भान राहत नसे. पोरीची छाती भात्यासारखी हलायची, गळ्याखालची कातडी आत ओढली जायची, आणि डोळे तेवढे आईकडे लागलेले. रडायलाही दम उरायचा नाही.

दोन महिन्यांपूर्वी या पोरीला साधा खोकलाही नव्हता. म्हसवडच्या डॉक्टरांनी तपासलं, तोंडात ओढायचा पंप दिला आणि विचारलं, "घरात जनावरं, लोकर, धूळ असं काही?"

घरात अंजनाचे सासरे होते, बिराप्पा. मेंढरांमागं जन्म गेलेला माणूस. आजारी कोकरं पडवीत आणून बांधायचा, आणि नात त्याच्याच घोंगड्यात शिरून झोपायची.

घरी आल्यावर ती खालमानेनं म्हणाली, "मामा, डॉक्टर म्हणत्यात, लोकरीनं हुतंय."

म्हाताऱ्यानं घोंगडं खांद्यावर टाकलं, कोकरं काखेत घेतली आणि अर्ध्या कोसावरच्या माळावर, मेंढरांच्या वाड्यातच राहायला गेला.

मग अंजना हात धुऊन घराच्या मागं लागली. दिवसातून तीनदा झाडायची, गाद्या बडवायची. मेंढरांचा केस आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून पोरीला पंख्याखाली बसवायची. पण खोकला वाढतच गेला. अंगही खाजायला लागलं, पोरीनं हात ओरबाडून लाल केले. अंजनानं दृष्ट काढली, बिरोबाला नवस बोलली. नवरा रविराज शिरवळच्या कारखान्यात एसीचे डक्ट, म्हणजे गार हवेची पत्र्याची नळकांडी, बनवायच्या कामाला होता. आठवड्यानं घरी यायचा आणि पोरीपाशी डोकं धरून बसायचा.

एका दुपारी पोरीचे ओठ निळे पडले. पंप ओढायला लावला, उपयोग झाला नाही. अंजनाच्या आरोळीनं शेजारची रंगूबाई धावत आली आणि तिनं रस्त्यावर आडवं उभं राहून दुधाचा टेम्पो थांबवला. दवाखान्यात दोन दिवस ऑक्सिजन लावला. सोडताना डॉक्टर म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेल असं नाही."

परत येताना पोर म्हणाली, "मला आज्ज्याकडं जायचंय." नाही म्हणायलाही अंजनात त्राण नव्हतं. वाड्यावर गेल्या गेल्या पोर घोंगड्यावर आडवी झाली, दोन कोकरं तिला चिकटून बसली. अंजना मुठीत पंप धरून तिच्या छातीकडे बघत बसली. आता खोकेल, मग खोकेल. ऊन कलून गेलं, पोर गाढ झोपलेली.

तीन दिवस मायलेकी तिथंच राहिल्या. चौथ्या दिवशी कपडे न्यायला दोघी घरी आल्या आणि तासाभरात पोरीच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. अंजना तिला कडेवर मारून वाड्याकडं पळत सुटली.

बिराप्पानं नातीची पाठ चोळत विचारलं, "माज्या मेंढरांत पोर तीन दिस खडखडीत हुती. तुमच्या घरात असं काय हाय गं, जे हितं न्हाई?"

पोरीला त्याच्यापाशी ठेवून अंजना एकटी घरी आली. मधोमध उभी राहून एकेक वस्तू बघितली. शेवटी नजर वर गेली. पत्रा तव्यासारखा तापतो म्हणून रविराजनं होळीच्या सुमाराला कारखान्याच्या भंगारातली पिवळी लोकर सहा पोती भरून आणली होती. पत्र्याखाली जुन्या साड्या ताणून बांधल्या आणि वर ती पसरली. घर गार झालं म्हणून अंजनानं रंगूबाईला कौतुकानं बोलावून दाखवलं होतं.

पेटीवर चढून तिनं साडीची कड उचलली, चिमूटभर लोकर चोळली. बोटांत कुसळं रुतली. उन्हाच्या तिरिपेत बारीक, चकचकीत तंतू खाली तरंगत आले. तिनं रविराजला फोन लावला.

"ती लोकर कशाची हाय?"

"काचेची," रविराज म्हणाला. "आमाला तितं हातमोजं देत्यात. मास्क देत्यात."

"आन घरात?"

"घरात तिला कोण हात लावतंय, म्हणलं…"

अंजनानं पुन्हा वर बघितलं. साड्यांची जाळी झाली होती, वर उंदीर नाचत होते, खाली पंखा फिरत होता. आणि तिनं सासऱ्याला बाहेर काढून पोरीला आत कोंडलं होतं.

वाड्यावर जाऊन तिनं म्हाताऱ्याचे पाय धरले. "मामा, चुकलं माजं."

"ऊठ. पोरीला भूक लागलीय," तो म्हणाला.

रविराज सुट्टी टाकून आला. तोंड बांधून, पाणी मारून त्यानं ती लोकर उतरवली, पिशव्यांत बांधली. गाद्या टाकल्या, भिंती ओल्या फडक्यानं चार-चारदा पुसल्या. आठ दिवसांनी पोरीला घरात आणलं, आणि पुन्हा शिट्टी. तंतू अजून भेगांत होते, की दमा आता पोरीलाच जडला होता? डॉक्टरांनाही सांगता येईना.

माळावरचं पाणी आटलं होतं. मेंढरं कृष्णाकाठाला न्यायची वेळ आली. अंजनानं पंप, औषधं आणि पोरीचे कपडे बोचक्यात बांधले.

"आन शाळा?" रविराजनं विचारलं.

"आदी पोर."

सगळा पत्राच उतरवायचा म्हणून तो शिडी लावून हूक काढायला चढला.

कळप निघाला. बरंच अंतर गेल्यावर आईच्या खांद्यावरून पोरीनं विचारलं, "आई, आपुन घरी कवा जायचं?"

एवढं बोलताना पोरीला धाप लागली का, तेवढंच अंजना ऐकत होती.